लपवायचं नाही, पण सांगायचं तरी कोणाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा चोवीस वर्षांचा, मूळचा सांगलीकडचा. पुण्यात इंजिनिअरिंग केलं, कॉलेजकडून पुरुषोत्तम करंडकाला कामं केली, आता हिंजवडीत नोकरी करतो आणि कोथरूडला मावशीकडे राहतो. एका मराठी मालिकेत नायकाच्या धाकट्या भावाच्या भूमिकेसाठी त्याची ऑडिशन पसंत पडली आहे, पुढच्या आठवड्यात लूक टेस्ट आहे. तो गे आहे. जवळच्या मित्रमैत्रिणींना माहीत आहे, घरी नाही. इन्स्टाग्रामवर पुण्याच्या प्राइडमधले, म्हणजे समलिंगी आणि ट्रान्स लोकांच्या अभिमान मोर्चातले फोटो आहेत आणि मित्र म्हणतात, ते आजच्या आज उडव. ऑडिशन घेणाऱ्याने निघताना खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "जरा मर्दानी ठेव." आता तो विचारतो: उघडपणे गे राहून या क्षेत्रात करिअर होतं का, की पुढची वीस वर्षं साडी नेसून हशे घ्यायचे? आणि चॅनलला आधीच सांगून टाकावं का?

वयाने बराच लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतो, नाटकवाल्यांना दुसरं जमत नाही. मी आधी प्रायोगिक नाटकांत कामं केली, मग बरीच वर्षं मालिका आणि सिनेमांसाठी कास्टिंग केलं, आता मुख्यतः नटांना शिकवतो. मी स्वतः गे आहे आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्यांना ते माहीत असतं. त्यामुळे ऑडिशनच्या टेबलाच्या दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत. मुलींचं आणि ट्रान्स कलाकारांचं गणित बऱ्याच ठिकाणी वेगळं असतं. इथे मी तुझ्यासारख्या मुलाबद्दलच बोलतोय.

तुझी भीती "लोकांना कळेल" अशी आहे. लोकांना कळलं म्हणून बुडालेली माणसं मी फार थोडी पाहिली. बुडाली ती अशी मुलं, ज्यांचं गुपित दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात होतं. कुणाचा जुना मित्र, कुणाचा को-ऑर्डिनेटर, म्हणजे कामं मिळवून देणारा मध्यस्थ, कुणाचा रूम पार्टनर. "सांगू का तुझ्या घरी?" एवढ्या एका वाक्यावर ती मुलं फुकट कामं करत राहिली, पैसे देत राहिली, नको तिथे जात राहिली. तेव्हा "सांगू की लपवू" यापेक्षा मी तुला वेगळं विचारेन: उद्या सकाळी कुणी सगळ्यांना सांगतो म्हणाला, तर तू त्याला "सांग" म्हणू शकतोस का? ज्या दिवशी म्हणू शकशील त्या दिवशी तू पुरेसा उघड आहेस. मग मुलाखत दिलीस काय, न दिलीस काय.

तो दिवस कधी येईल, हे मात्र परिस्थितीवर आहे. तुझ्या डोक्यावरचं छप्पर कोणाचं, हे सगळ्यात मोठं. मग तू कुठल्या प्रकारचं काम शोधतोयस. आणि तिसरी गोष्ट कुणी तोंडावर बोलत नाही ती अशी, की तुला पाहून लोकांना आधीच अंदाज येतो की नाही. काही मुलांना लपवण्याचा पर्यायच नसतो, त्यांच्याबद्दल शाळेपासून सगळे बोलत असतात. काहींवर कुणाला संशयही येत नाही. दोघांना एकच सल्ला देणारा माणूस एक तर भाबडा असतो, नाही तर काहीतरी विकत असतो.

आता कामाचं. नाटक, मालिका, सिनेमा, ओटीटी, जाहिरात, डबिंग ही एकच इंडस्ट्री आहे असं समजू नकोस. पुण्याच्या प्रायोगिक वर्तुळात, म्हणजे सुदर्शन रंगमंच, भरत नाट्य मंदिर, द बॉक्स अशा नाट्यगृहांत जी मंडळी भेटतात त्यांच्यात तुझ्या प्रेमाचं कुणाला फारसं पडलेलं नाही. तालमीला वेळेवर ये, संहिता पाठ कर, सेट उचलायला थांब, एवढंच मागणं असतं. विजय तेंडुलकरांनी १९८१ च्या सुमारास 'मित्राची गोष्ट' लिहिलं तेव्हा बाईवर प्रेम करणारी बाई मराठी रंगमंचाच्या मधोमध उभी राहिली होती. टीव्हीला अजून ते अंतर कापायचं आहे. पण प्रायोगिकवाल्यांना पाठीमागे बोलायला आवडतं. कळलेली गोष्ट तिथे जाहीर होत नाही आणि गुप्तही राहत नाही. नुसती फिरत राहते.

मालिकेत निर्णय एक माणूस घेत नाही. निर्माता, चॅनलचा ईपी (एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर), क्रिएटिव्हची टीम आणि मार्केटिंग, सगळ्यांची मान हलावी लागते. यातले बरेच जण स्वतः अगदी मोकळे असतात. त्यांच्यात गे माणसंही असतात. पण प्रत्येक जण दुसऱ्याच्या वतीने घाबरतो: "मला काही नाही रे, पण प्रेक्षक?" हा प्रेक्षक म्हणजे रात्री आठ वाजता जेवता जेवता टीव्ही बघणारी कुणाची तरी आत्या. ती आत्या मला कधी भेटलेली नाही, पण तिच्या नावाने नाकारलेल्या गोष्टी खूप पाहिल्या. भीती खरी असते ती नायकासाठी, कारण नायक आणि नायिकेची जोडी पडद्याबाहेरही विकायची असते. रील्स, सणांचे कार्यक्रम, "सेटवर काय चाललंय" वगैरे. धाकट्या भावावर एवढं ओझं नसतं. त्या दृष्टीने तुझी ही पहिली भूमिका चांगल्या जागी आहे.

सिनेमात आणि ओटीटीत दिग्दर्शकाच्या शब्दाला वजन जास्त. डबिंग आणि व्हॉइस ओव्हरमध्ये आवाज चालला की बाकीचं कुणी विचारत नाही. पुण्यात राहून ते कामही बऱ्यापैकी करता येतं, आणि नट म्हणून तोंडाला वळण लागतं ते वेगळंच.

कॅमेऱ्यामागे उघडपणे गे असलेली नावं आपल्याकडे आहेत. बंगालीत दिग्दर्शक ऋतुपर्ण घोष होते, हिंदीत दिग्दर्शक ओनीर आहे. कॅमेऱ्यासमोर, नायकाच्या जागी, मराठीत असं नाव मला बोट दाखवून सांगता येणार नाही. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. परदेशातली उदाहरणं लोक तोंडावर फेकतात, ती नीट बघ. ब्रिटिश नट इयन मॅकेलनने आपण गे आहोत हे १९८८ मध्ये बीबीसी रेडिओवर सांगितलं, आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला गँडाल्फ, 'एक्स-मेन'मधला मॅग्नेटो या त्याच्या जगभर गाजलेल्या भूमिका त्यानंतरच्या. अमेरिकन नट नील पॅट्रिक हॅरिसने २००६ मध्ये सांगितलं आणि पुढे कित्येक वर्षं तो टीव्हीवर बायकांमागे धावणाऱ्या इसमाची भूमिका करत राहिला, लोकांनी ती डोक्यावर घेतली. पण सांगताना मॅकेलन पन्नाशीला टेकला होता आणि ब्रिटिश रंगभूमीवर मोठा नट होता. हॅरिसची मालिका आधीच चालू होती. दुसऱ्या पारड्यात अमेरिकन विनोदी अभिनेत्री एलन डीजेनेरस आहे. तिने १९९७ मध्ये सांगितलं, पुढच्या वर्षी तिची मालिका बंद झाली आणि पुन्हा तसं यश मिळायला २००३ मध्ये स्वतःचा टॉक शो येईपर्यंत तिला थांबावं लागलं. म्हणजे होतं, पण कोणाचं, कधी आणि कुठल्या टप्प्यावर, हे बघून ठरव.

"जरा मर्दानी ठेव" यावर मात्र मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण हा भाग माझ्या रोजच्या कामाचा आहे.

हे वाक्य दोन प्रकारचं असू शकतं. एक, ते दिग्दर्शन असू शकतं. धाकटा भाऊ गावाकडचा असेल, शेतावर राबणारा असेल, आणि तू तो कोथरूडचा केला असशील. दुसरं, बोलणाऱ्याची स्वतःची अस्वस्थता असू शकते. ओळखायची पद्धत सोपी आहे. फोन करून अगदी सरळ विचार, "सर, कुठल्या सीनला म्हणालात? कुठल्या वाक्याला?" त्याने "भावावर ओरडतोस तिथे आवाज वर चढतो, तिथे खाली ठेव" असं सांगितलं, तर ती नोट आहे. घे आणि कामाला लाग. तो "नाही रे, ओव्हरऑलच" असं म्हणाला, तर त्यात घेण्यासारखं काही नाही. हो म्हण आणि विसरून जा.

पण बहुतेक मुलं विसरत नाहीत. घरी जाऊन आरशासमोर उभी राहतात आणि स्वतःवर पहारा बसवतात. हात असा नको, मान अशी नको, हसताना आवाज असा नको. मग लूक टेस्टला काय होतं ते मी मॉनिटरवर पाहिलेलं आहे. मनगटं मांडीला चिकटतात. खांदे कानांकडे चढतात. वाक्याचा शेवट गिळला जातो, कारण शेवटी सूर लांबेल याची धास्ती असते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे समोरचा बोलत असताना डोळे क्षणभर आत वळतात, स्वतःकडे बघायला. क्लोजअपमध्ये तो क्षण लपत नाही. कास्टिंग करताना अशा मुलांना मी नाकारत असे तेव्हा माझ्या वहीत "बायकी" असं लिहिलेलं नसे, "ऐकत नाही" असं लिहिलेलं असे. पहारा करणारा नट समोरच्याचं ऐकू शकत नाही, आणि जो ऐकत नाही त्याच्यावर कॅमेरा टिकत नाही.

म्हणून उघड राहण्याचा फायदा मी नीतीच्या अंगाने कधी सांगत नाही, अभिनयाच्या अंगाने सांगतो. सेटवरच्या दोन-चार माणसांना जरी माहीत असलं तरी त्या पहाऱ्याची ड्युटी कमी होते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये हा फरक मला स्पष्ट दिसतो. सांगून मोकळा झालेला मुलगा एकदम मोठा नट होतो असं नाही, पण त्याचं लक्ष समोरच्या माणसाकडे जायला लागतं.

याचा अर्थ "मी आहे तसा आहे, मला बदलायला सांगू नका" असाही नव्हे. ते वाक्य नटाच्या तोंडी शोभत नाही. सदाशिव पेठेतल्या, मुली आवडणाऱ्या मुलालाही कोल्हापूरचा पैलवान करायचा असेल तर चालणं शिकावं लागतं, आणि त्यालाही ते येत नसतं. फक्त त्याला कुणी "मर्दानी ठेव" म्हणत नाही, "अभ्यास कर" म्हणतात. तूही अभ्यासच कर. सकाळी उठून खर्ज लाव, एखाद्या गायकाकडून पद्धत शिकून घे. महिन्या-दोन महिन्यांत खालची जागा सापडायला लागते. मार्केट यार्डात पहाटे जा, हमाल ओझं टेकवून उभे राहतात तेव्हा वजन कुठल्या पायावर असतं ते बघ. घरी सीन करताना हाताला खरं काम दे: इस्त्री कर, गवार निवड, सायकलची चेन बसव. हात गुंतले की पहारा आपोआप सुटतो. फोनवर दोन टेक घे, एक नुसता उभा राहून आणि एक काम करता करता, आणि शेजारी शेजारी बघ. तुझ्याकडे जे आहे ते राहू दे आणि त्याच्या शेजारी आणखी चार चाली, दोन आवाज जमव. एखादी भूमिका तुझ्या मूळच्या चालीतच हवी असेल, तेव्हा ती तुझ्याइतकी सहज दुसऱ्या कुणाला येणार नाही.

आता साडीचा प्रश्न. विनोदी कार्यक्रमांत बाईच्या वेषात कामं करणाऱ्यांना मी कमी लेखत नाही. त्यातल्या काहींचं टायमिंग असं आहे की आमच्या प्रायोगिकवाल्यांनी शिकवणी लावावी. बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी काढलेली बालगंधर्वांची दोन चित्रं आहेत, एक पुरुष वेषातलं आणि एक स्त्री भूमिकेतलं. ती दाखवून कुणी तुला "आपल्याकडे परंपराच आहे की" असं समजावेल. त्या परंपरेचा तुला फारसा उपयोग नाही. स्त्री भूमिका करणं ही नटाची कला होती, गे असणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि हे दोन एक मानण्यानेच सगळा घोळ होतो. बालगंधर्वांच्या शालूचं कौतुक करणारा प्रेक्षकच शेजारच्या हळू बोलणाऱ्या मुलाला बायल्या म्हणत आला आहे.

तुला गे पात्राची भूमिका आली तर घ्यावी का? मी संहितेत एकच शोधतो: या माणसाला काही हवं आहे का? नोकरी, पैसे, कुणाची माफी, काहीही. मनोज बाजपेयीने सिनेमात अलीगढ विद्यापीठातले मराठीचे प्राध्यापक सिरस उभे केले. त्यात लचकणं-मुरडणं नावालाही नाही. दिसतो तो लताबाईंची गाणी ऐकत बसलेला, घाबरलेला, तरीही कवितेवर बोलताना ताठ होणारा एक माणूस. याउलट ज्या पात्राला काहीच नको असतं, ते फक्त दारातून येतं, मुरडतं आणि जातं, तिथे हशा तुझ्या शरीरावर आहे. त्यात तुला करण्यासारखं काम नाही. घरभाडं थकलं असेल तर तेही कर, पोटासाठी केलेल्या कामाची लाज बाळगू नकोस. पण पहिल्या दोन-तीन भूमिकांत ते नको. कास्टिंगवाल्यांची स्मरणशक्ती आळशी असते. जी पहिली क्लिप फोनमध्ये सापडते तीच पुढे पाठवली जाते. तुझ्या हातात आत्ता धाकट्या भावाची भूमिका आहे, ती तुझी पहिली क्लिप होऊ दे.

आता फोटो. घाईने काही उडवू नकोस. पाहणाऱ्यांनी पाहिलेलं असतं, आणि स्क्रीनशॉट तुझ्या ताब्यात नसतो. शिवाय भीतीने उडवलेला फोटो कुणाला सापडला तर तोच धमकीचा माल होतो. राहू दिलेला फोटो फक्त फोटो असतो. पुण्यात २०११ पासून प्राइड निघते, तिथे जाणारे सगळेच गे नसतात हेही आता लोकांना ठाऊक आहे. एक मात्र जरूर तपास: त्या फोटोत आणखी कोण आहे? तू पडद्यावर आलास की लोक तुझं खातं खालपर्यंत खणतील, आणि तुझ्या शेजारी झेंडा धरून उभा असलेला मुलगा कदाचित औंधमधल्या एखाद्या बँकेत कामाला असेल आणि त्याच्या घरी माहीत नसेल. त्याला विचार. तो नको म्हणाला तर तो फोटो काढ. कामासाठी वेगळं खातं काढ, त्यावर प्रोफाइलचे फोटो, क्लिप, नाटकाच्या जाहिराती ठेव. को-ऑर्डिनेटरला तीच लिंक जाऊ दे.

चॅनलला आधी सांगावं का? नाही. सरळ मुलगा करारावर सही करताना आपल्याला मुली आवडतात असं कळवत नाही. तुझ्यावरही तसं कळवण्याचं बंधन नाही. पण करार वाच, आणि नुसता मानधनाचा आकडा वाचू नकोस. बऱ्याच करारांत चॅनलच्या किंवा मालिकेच्या प्रतिमेला बाधा येईल असं वागणार नाही अशा अर्थाचं कलम असतं, शिवाय सोशल मीडियावर काय टाकायचं आणि मुलाखती कोणाच्या परवानगीने द्यायच्या हेही असतं. "प्रतिमेला बाधा" म्हणजे काय ते मोघम ठेवलेलं असेल, तर ते कायद्याने गुन्हा ठरणाऱ्या वागण्यापुरतं मर्यादित करून मागता येतं. नवख्याला ते देतील याची खात्री नाही, मागितल्याने काम सहसा जात नाही.

कायदा तुझ्या बाजूने किती आहे, हेही समजून घे, कारण यात दोन्हीकडून अतिशयोक्ती होते. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधल्या संमतीच्या समलिंगी संबंधांना कलम ३७७ मधून बाहेर काढलं. त्यामुळे "पोलिसांत देईन" या धमकीतली हवा गेली. पण गे म्हणून काम नाकारलं तर खासगी निर्मात्याला थेट धरता येईल असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. ट्रान्स व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्यात नोकरीतल्या भेदभावाला मनाई आहे, गे माणसाला ते संरक्षण मिळत नाही. त्यात नट हा कर्मचारी नसतोच, कंत्राटावर असतो. "ट्रॅक बदलला", म्हणजे कथानकात ते पात्रच उरलं नाही, म्हटलं की संपलं.

छळाबाबतही तेच. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा स्त्रियांच्या तक्रारींसाठी आहे, तुला त्याखाली तक्रार करता येत नाही. जुनं कलम ३७७ निदान पुरुषावरच्या बळजबरीला लागू होत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात तसं कलम ठेवलेलंच नाही. धमकी, खंडणी, मारहाण, डांबून ठेवणं यांची कलमं आहेत आणि ती वापरता येतात, पण मुलांना स्वतःलाच स्वतःला सांभाळावं लागतं ते यामुळे. उघडपणे गे असलेल्या मुलाला इथे एक खास धोका असतो. समोरचा गृहीत धरतो की "तू तर तसाच आहेस, मग तुला काय हरकत?" हे वाक्य मी फार मुलांकडून ऐकलं आहे. तुझं गे असणं ही कुणाला दिलेली परवानगी नाही, हे बोलायची वेळ आली तर आवाज न चढवता बोल आणि उठून ये. रात्री फ्लॅटवर "कॅरेक्टर डिस्कशन"ला जाऊ नकोस. लूक टेस्ट असो की मीटिंग, ऑफिसात, दिवसा, आणि पत्ता एका मित्राकडे. व्हॉट्सअॅपवर उघड्या अंगाचे फोटो "बॉडी रेफरन्स" म्हणून मागितले तर देऊ नकोस, खरंच गरज असेल तर कॉश्च्यूमवाला माप घेईल. खऱ्या कामासाठी कुणी नटाकडून पैसे मागत नाही.

आणि कुणी धमकावलंच तर पैसे देऊ नकोस. एकदा दिलेस की पुढचा हप्ता ठरलेला. मेसेज जपून ठेव आणि सायबर पोलिसांकडे जा. अशी धमकी देऊन पैसे मागणं ही खंडणी आहे, मग धमकी कशाचीही असो.

आता घर. माझ्या मते तुझ्या प्रश्नातली सगळ्यात नाजूक जागा चॅनल नाही, कोथरूडची मावशी आहे. मालिका सुरू झाली की सांगलीला तुझ्या आईला फोन सुरू होतील. पहिले दोन आठवडे कौतुकाचे, मग स्थळांचे. एखाद्या पत्रकाराकडून किंवा चुलतभावाच्या फॉरवर्डमधून आईला कळण्यापेक्षा तुझ्या तोंडून कळावं, असं मला वाटतं. पण कधी, ते तुझ्या पैशांवर ठरव. मालिकेचं मानधन दिवसाच्या हिशोबाने ठरतं आणि हातात यायला साधारण नव्वद दिवस लागतात, त्यातून दहा टक्के टीडीएस कापलेला असतो. शूटिंग गोरेगाव, मढ किंवा घोडबंदर रोडला असेल तर तिकडे खोली घ्यावी लागेल, डिपॉझिट भरावं लागेल. म्हणजे पहिले चार-पाच महिने तू साठवलेल्या पैशांवरच जगणार आहेस. मावशीने उद्या बॅग बाहेर ठेवली तर सहा महिने काढता येतील एवढी रक्कम खात्यात असेल, तर घरी बोल. नसेल तर आधी ती जमव, तोवर नोकरी सोडू नकोस, बिनपगारी रजा मिळते का ते विचार. हा भित्रेपणा वाटला तर वाटू दे. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि या विषयावर साध्या मराठीत लिहिलं. आईवडिलांच्या हातात आपल्या भाषेतलं काही देता येतं ही फार मोठी सोय आहे, आमच्या वेळी ती नव्हती.

तोपर्यंत खोटी मैत्रीण तयार करू नकोस. बाकी काहीही कर, हे नको. तिचं नाव, ती कुठे भेटली, दिवाळीला काय दिलं, हे सगळं सेटवरच्या कंटिन्युइटीसारखं (एका शॉटमधलं दुसऱ्या शॉटमध्ये तसंच दिसावं म्हणून ठेवतात त्या नोंदींसारखं) सांभाळावं लागतं, आणि एका मुलाखतीत शर्टाचं बटण चुकलं की संपलं. न सांगणं तुझा हक्क आहे, त्यासाठी कुणाची माफी मागायला नको. "लग्न कधी?" असं विचारलं तर हसून "घरच्या गोष्टी मी घरीच ठेवतो, तुम्ही मालिकेचं विचारा" इतकं पुरतं. हे उत्तर पहिल्या मुलाखतीपासून दे, म्हणजे कुणाला त्यात नवीन काही वाटत नाही. मार्केटिंगने जोडीचे रील्स करायला लावले तर भूमिकेच्या नावाने कर, स्वतःच्या नावाने नको. फारच दाब आला तर सगळ्या टीमला सांगत बसण्यापेक्षा ज्याच्यावर विश्वास बसला आहे अशा एकाशी बोल, शक्यतो ईपीशी. तो अडवू शकतो, स्पॉटदादा अडवू शकत नाही, जरी ऐकून घ्यायला तोच जास्त चांगला असला तरी.

सेटवर कोणाला सांगायचं हे आधी ठरवून जाऊ नकोस. पहिला महिना काम कर. मेकअप रूममध्ये कोण दुसऱ्याच्या गोष्टी तुला सांगतो ते लक्षात ठेव, तो तुझ्याही सांगणार आहे. जो तुझी चुकलेली ओळ सगळ्यांसमोर न हसता सावरून घेतो, सुरुवात त्याच्यापासून कर.

लूक टेस्टला अजून आठवडा आहे. ऑडिशनवाल्याला आजच फोन करून ती नोट नक्की कुठल्या सीनची ते विचार. सीनमध्ये भाऊ जेवत असेल तर घरी खरंच जेवता जेवता तालीम कर, ताट रिकामं ठेवून नको. साधा, अंगाला नीट बसणारा शर्ट घाल, दाढी त्यांनी सांगितली असेल तशी. करार त्याच दिवशी समोर ठेवला तर "घरी वाचून उद्या देतो" म्हण आणि ओळखीच्या एखाद्या वकिलाला दाखव. त्याला तुझ्याबद्दल काही सांगायची गरज नाही, कलम दाखवलं की तो त्याचं काम करेल.